हक्कसोडपत्राचा प्रसंग, आणि दिवाळी अंकाला कादंबरीतलं नेमकं काय द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिली कादंबरी पुढच्या वर्षी येणार आहे. हस्तलिखित सुमारे ८०,००० शब्दांचं, विषय कराडकडच्या एका शेतकरी घरातली वाटणी आणि बहिणीचं हक्कसोडपत्र. संपादकांचा शेरा आला आहे: ‘निवेदन फार, प्रसंग कमी, आहेत तेही सपाट.’ त्यातच एका दिवाळी अंकाने ‘आगामी कादंबरीतील अंश’ मागितला आहे. प्रसंग कसे दुरुस्त करायचे आणि अंकाला कुठला भाग द्यायचा? सोबत जो उतारा आला आहे, तोच धरून उत्तर देतो. उतारा असा:

‘सकाळी सुमन चिंचवडहून एसटीने निघाली. कराडला उतरली तेव्हा अकरा वाजले होते. दादा तिला घ्यायला आला होता. सोबत त्याचा मुलगाही होता. चहा घेऊन ते रजिस्टर ऑफिसला गेले. तिथे खूप गर्दी होती. सर्व्हर बंद होता. सुमनला वाईट वाटत होतं. आपण हक्काची जमीन सोडतोय, पण दादाने एका शब्दाने विचारलं नाही, असं तिला वाटलं. पण ती काही बोलली नाही.’

आधी संपादकांच्या शेऱ्याबद्दल. त्याचा अर्धा भाग मला पटत नाही. निवेदन जास्त असणं हा मराठी कादंबरीचा दोष मानायचं कारण नाही. सांगणारा आवाज पक्का असेल तर दहा पानं नुसतं सांगत गेलं तरी वाचक सोबत येतो. अडचण वेगळीच आहे. या उताऱ्यात जे निवेदनात उरकायला हवं होतं (प्रवास, चहा) ते प्रसंगासारखं लिहिलं आहे, आणि जो खरा प्रसंग आहे (बहीण, भाऊ, बाक, बंद पडलेला सर्व्हर) तो दोन वाक्यांच्या निवेदनात उरकला आहे. प्रसंगांची संख्या वाढवत बसू नका, जागा बदला.

प्रसंग कशाचा करायचा हे ठरवायला एक साधी परीक्षा आहे. प्रत्येक प्रसंगासाठी एक पत्रक करा, पोस्टकार्डाएवढं. त्यावर पाच ओळी: कोण कोण आहेत, कुठे आणि किती वाजता, मुख्य पात्राला या घटकेला काय हवं आहे, ते मिळण्याच्या आड काय येतं, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं आहे. पाचवी ओळ बहुतेकांची रिकामी राहते किंवा तिथे ‘सुमनला वाईट वाटतं’ असं काहीतरी येतं. ते चालणार नाही. तिला आधीही वाईटच वाटत होतं. बदल असा हवा की तो झाल्यावर पात्रांना मागे जाता येऊ नये: कुणाला काहीतरी कळलं, कुणी काहीतरी बोलून बसलं, कुणाची बाजू बदलली. पाचवी ओळ भरता येत नसेल तर त्या पत्रकातला मजकूर तीन-चार वाक्यांत निवेदनात घाला आणि पुढे चला. ८०,००० शब्दांत साधारण ४० ते ५० खरे प्रसंग मावतात, एकेक १,००० ते १,८०० शब्दांचा. बाकीची जागा निवेदनाची. हा नियम नव्हे, अंदाज आहे, पण पत्रकं ९० झाली तर समजावं की चहा आणि एसटी आत शिरलेत.

तिसरी ओळही नीट बघा. ‘काय हवं आहे’ याचं उत्तर ‘न्याय’ किंवा ‘सन्मान’ असं आलं तर लिहिताना हाताला काहीच लागत नाही. उताऱ्यातच उत्तर आहे: दादाने एकदा तोंडाने विचारावं. एवढंच. ती सही करायला तयार होऊन आली आहे. आणि चौथी ओळ यातूनच निघते. दादा विचारू शकत नाही, कारण विचारलं की जमीन तिचीही आहे हे कबूल केल्यासारखं होतं. म्हणून तो बाकी सगळ्याबद्दल बोलतो. दोघंही वाईट नाहीत. दोघांपैकी एक सरळसरळ खलनायक झाला की असा प्रसंग मालिकेतला वाटायला लागतो.

आता तोच मजकूर जागा बदलून:

‘सर्व्हर पावणेबाराला गेला.

“येतोय की,” दादा म्हणाला. “पाटलांच्या आक्कांचं केलं तवा अर्ध्या तासात आलता.”

त्याच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. वरच्या कागदावर तिचं माहेरचं नाव, मग ऊर्फ, मग सासरचं.

“आक्कांनी केली सही?”

“केली की. दोन मिनटात.” त्यानं पिशवी तिच्याकडे सरकवली. “डबा खाऊन घे. वहिनीनं दिलाय.”

सुमननं डबा उघडला. सहा भाकरी. वहिनीनं दिवसभराची सोय केली होती.

“आत्या, आधार ओरिजिनल आणलंय न्हवं?” भाच्यानं विचारलं.

“आणलंय.”

दीडच्या सुमाराला आतून कुणीतरी “चालू झालं” म्हणालं आणि अख्खा बाक उठला. दादा सगळ्यांच्या आधी खिडकीशी पोचला.

“पहिला ह्यांचा अंगठा घ्या साहेब,” तो म्हणाला. “ह्यांना परत जायचंय. लांबनं आल्यात.”

सुमननं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“मला घाई नाही,” ती म्हणाली.’

यात काय केलं ते फोडून सांगतो. सुरुवात अडचणीपासून झाली. चिंचवड, एसटी, अकराची वेळ गेली. ‘लांबनं आल्यात’ या दादाच्या तोंडच्या दोन शब्दांत ती माहिती आपोआप येते, आणि तिथे ती माहिती म्हणून येत नाही, घाईचं निमित्त म्हणून येते. सर्व्हर बंद पडणं उताऱ्यातही होतं, पण तिथे ती गर्दीसारखीच एक नोंद होती. खरं तर तेच या प्रसंगाचं इंजिन आहे. तो चालू असता तर पाच मिनिटांत काम उरकलं असतं आणि कुणाला कुणाशी बोलावंच लागलं नसतं. बंद सर्व्हरने या माणसांना पावणेदोन तास एका बाकावर बसवलं. सरकारी कचेरी, दवाखाना, अंत्यविधीच्या आधीचं थांबणं, मंगल कार्यालयात वरातीची वाट बघणं, ही सगळी अशीच ठिकाणं आहेत: उठून जाता येत नाही आणि उघड भांडताही येत नाही. प्रसंगाला जागा शोधताना आधी अशा जागा शोधाव्यात. घरातल्या दिवाणखान्यात पात्रांना बसवलं की त्यांच्या हातात चहाचा कप देण्यापलीकडे लेखकाला काही सुचत नाही.

वळण कुठे आहे? ‘ह्यांचा’ या शब्दावर. डब्याच्या वेळी ‘खाऊन घे’ म्हणणारा भाऊ साहेबांसमोर बहिणीला ‘ह्यांना’ म्हणतो. तू, तुम्ही, अहो, अगं, नावाने हाक, नात्याने हाक, नाव टाळून बोलणं: आपल्याकडे नात्यातलं अंतर एका सर्वनामात हलतं, आणि ते सोडून लेखक ‘त्याच्या आवाजात एक परकेपणा होता’ असं लिहितात. तसं लिहिण्याची गरज पडू नये. मात्र त्यासाठी आधीच्या प्रकरणांत दादा तिला ‘सुमे’ म्हणतो हे वाचकाच्या कानात बसलेलं हवं. वळणाची तयारी मागे करावी लागते, त्याच पानावर नाही.

हेच निवेदनालाही लागू आहे. सुमनचे वडील निवेदनात ‘ते’ आहेत की ‘तो’? हस्तलिखितात दोन्ही आलं असणार, बहुतेक पहिल्या खेपेत येतंच. सुमनच्या नजरेने सांगायचं असेल तर वडील कायम ‘ते’, आणि ज्या प्रकरणात निवेदक घराबाहेरचा आहे तिथे ‘तो’ चालेल. एका प्रसंगाच्या आत मात्र बदलू नका. वाचकाला नजर बदलल्याचं जाणवतं आणि कारण कळत नाही. उताऱ्यात शेवटी ‘असं तिला वाटलं’ आहे. नजर तिचीच असेल तर हे तीन शब्द काढून टाका, आधीचं वाक्य आपोआप तिचं होतं. ‘तिच्या लक्षात आलं की’, ‘तिने पाहिलं की’, ‘तिला जाणवलं की’ यांनाही हेच लागू. सगळे काढायचे नाहीत. जिथे लक्षात येणं हीच घटना आहे तिथे ठेवायचे.

क्रियापदांकडे वळू. उताऱ्यात ‘होते, होता, होता, होती, होता, होतं’ अशी माळ आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ही माळ इतर कुठल्याही दोषापेक्षा लवकर कानाला टोचते. सपाटपणाची तक्रार पुष्कळदा इथूनच येते आणि लेखक पात्रांचं मन खोल करायला धावतो. तीन काळ वेगवेगळ्या कामाला वापरा. जे नेहमी घडत असे त्याला रीती भूतकाळ: ‘दिवाळीला ती येई, दादा ऊस मोडून देई.’ हे निवेदनाचं काम. घटना सुरू झाली की साधा भूतकाळ: ‘उघडला, सरकवली, म्हणाला.’ आणि ‘होता’ फक्त पार्श्वभूमीला, जे आधीच घडून गेलंय त्याला. वरच्या नमुन्यात कथनाच्या ओळींत ‘होती’ एकदाच आलं आहे, वहिनीच्या भाकरींपाशी, कारण ते पहाटेच घडून गेलं आहे. तीन वाक्यं क्रियापदावाचून सोडली आहेत: ‘सहा भाकरी’, फाइलचं आणि वरच्या कागदाचं. अशी वाक्यं दर पानाला दोन-तीनच ठेवावीत. जास्त झाली की ती शैली म्हणून दिसायला लागतात.

‘म्हणाला’ हा शब्द दिसत नाही, म्हणूनच तो चांगला. ‘उद्गारला, पुटपुटला, खेकसला, फिसकारला’ हे आले की वाचक संवादाऐवजी लेखकाकडे बघायला लागतो. ‘तेवढ्यात’, ‘इतक्यात’, ‘अचानक’ शोधून मोजा. घटना खरोखर अवचित असेल तर तिला ‘अचानक’ची पुस्ती लागत नाही.

बोलीचा प्रश्न बहुतेक सगळ्या नव्या कादंबऱ्यांत अडतो. कराडकडची बोली पूर्ण उतरवली तर पुण्या-नागपुरातला वाचक अडखळतो, आणि पूर्ण प्रमाण केली तर दादा शाळामास्तर होतो. प्रत्येक पात्रासाठी पाच-सहा खुणा ठरवा आणि तेवढ्याच पाळा: दादाला ‘तवा’, ‘आलता’, ‘मिनटात’, ‘लांबनं’, ‘आल्यात’, शेवटी ‘की’, भाच्याला ‘न्हवं’ पण बाकी कॉलेजची भाषा, ‘ओरिजिनल’सकट. सुमन कितीतरी वर्षं चिंचवडला आहे, म्हणून तिची भाषा जवळपास प्रमाण. ‘मला घाई नाही’ यातलं ‘नाही’ जाणूनबुजून आहे. तिथे ती ‘न्हाई’ म्हणाली असती तर भावाच्या बाजूची झाली असती. ‘केलं, गेलं’ अशी रूपं निवेदनातही घ्यायची की ‘केले, गेले’ लिहायचं, हे पहिल्या पानाआधी ठरवा. दोन्ही चालतात, प्रकरण तीनपासून बदललेलं चालत नाही.

संवाद तपासायची युक्ती: एका पात्राचे सगळे संवाद कॉपी करून वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि सलग मोठ्याने वाचा. दादाच्या फाइलमध्ये ‘तुला माहीतच आहे, आपल्या बाबांनी १९८७ साली विहीर खोदली’ असलं वाक्य सापडेल. दोघांनाही माहीत असलेलं एकाने दुसऱ्याला सांगायचं नसतं. ती विहीर निवेदनात घाला, किंवा तिसऱ्या माणसाला, साहेबांना किंवा मोजणीला आलेल्या माणसाला, तिच्याबद्दल विचारू द्या.

आता तपशिलाची एक गोष्ट, जी इथे नुसती सजावट नाही. सुमनचं लग्न १९९१ चं आहे असं प्रश्नात म्हटलंय, पण प्रसंगाचं साल दिलेलं नाही. महाराष्ट्राने १९९४ साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. ती अट न ठेवता मुलींना हक्क मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने. आणि त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला ‘तशी गरज नाही’ असं सांगून मिटवला. म्हणजे २००३ मधली सुमन फक्त वडिलांच्या वाट्यातल्या वारसाच्या तुकड्यावर सही करते आहे, आणि २०२१ मधली सुमन भावाच्या बरोबरीच्या वाट्यावर. दादाच्या घाईचं वजन साल ठरवतं. प्रसंग २००५ नंतर ठेवा. आणि पुढच्या प्रकरणात फेरफाराची नोंद येत असेल तर लक्षात असू द्या की दस्त झाला म्हणजे त्याच दिवशी सातबारा बदलत नाही: तलाठ्याकडे नोंद, १५ दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हे १५ दिवस कादंबरीकाराला फुकट मिळालेली मुदत आहे. सुमनने सही केली असली तरी गोष्ट अजून संपलेली नाही.

पुनर्लेखनाचा क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक प्रसंगाचा पहिला परिच्छेद झाकून वाचा. कळत असेल तर तो उडवा. मग शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. नमुन्यात ‘मला घाई नाही’ नंतर दोन वाक्यं लिहायचा मोह नक्की होईल, दादाचा चेहरा उतरला वगैरे. लिहू नका. त्यानंतर क्रियापदं, आणि सगळ्यात शेवटी बोली. उलट्या क्रमाने गेलात तर उडवायच्या परिच्छेदांवरच मेहनत वाया जाते.

दिवाळी अंकाकडे येऊ. पहिलं प्रकरण देऊ नका, ते पुस्तकाचा उंबरठा बांधण्यात खर्च झालेलं असतं. शेवटाकडचंही नको. पहिल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा असा भाग निवडा ज्यात एक गाठ बसते आणि सुटत नाही. हा रजिस्टर ऑफिसचा भाग त्यात चपखल बसतो. अंकाला २,५०० ते ३,५०० शब्द पुरेत, म्हणजे हा प्रसंग आणि त्याला जोडून आधीचा किंवा नंतरचा एक. चारपेक्षा जास्त माणसांची नावं त्यात नसावीत. वर दोन ओळींची प्रस्तावना लागेल. तिला पाच ओळी लागत असतील तर निवड चुकली. ‘सुमे’ या हाकेची तयारी मागच्या प्रकरणात असल्यामुळे ती इथे दिसणार नाही, म्हणून अंशापुरतं ‘खाऊन घे सुमे’ करा. पुस्तकात ते परत काढा. अंश आणि पुस्तक यांचा मजकूर शब्दशः एकच असला पाहिजे असं नाही.

कार्यक्रमात वाचायचं असेल तर हिशेब वेगळा: दहा मिनिटांना हजार-अकराशे शब्द, संवाद दोन माणसांचाच, कारण तिसरा आवाज ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही. भाच्याचं वाक्य वाचताना गाळा. समाजमाध्यमांवर टाकायचं असेल तर सातशे शब्दांच्या वर जाऊ नका, आणि अंकाला जो भाग दिला आहे तो तर अजिबात टाकू नका. बहुतेक संपादकांना अप्रकाशित मजकूर हवा असतो आणि भिंतीवर टाकलेलं ते प्रकाशितच धरतात. कच्चा खर्डा मात्र कुठेच टाकू नये असं माझं मत आहे. पन्नास जणांनी ‘वा’ म्हटलेलं वाक्य नंतर उडवायला हात धजत नाही.

प्रकाशकाशी करार झाला असेल तर अंश छापायला देण्याचा हक्क कुणाकडे आहे ते कलम आधी वाचा, तसं कलम नसेल तर प्रकाशकाला लेखी विचारा. अंकाच्या संपादकांना मजकुरासोबत एक ओळ ईमेलने पाठवा: ‘या अंकात एकदाच छापण्याची परवानगी, बाकी सर्व हक्क लेखकाकडे.’ कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून मोघम शब्दांच्या कुठल्याही छापील नमुन्यावर सही करू नका. अंशाखाली कादंबरीचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि ‘आगामी’ हा शब्द छापला जाईल असं सांगून ठेवा. नाव अजून पक्कं नसेल तर ‘आगामी कादंबरीतून’ एवढंच. छापून आलेलं नाव नंतर बदललं की वाचक पुस्तक शोधत बसतात.

फाइल युनिकोडमध्ये द्या आणि सोबत पीडीएफ जोडा. अंकाची मांडणी जुन्या फाँटमध्ये होत असेल तर रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ, अवतरणचिन्हं आणि संवादाआधीच्या परिच्छेदखुणा हमखास मोडतात. संवाद एकाला एक चिकटून छापले गेले तर वरचा प्रसंग कोण कुणाला म्हणतंय हेच न कळता जाईल, म्हणून शेवटचं प्रूफ मागून घ्या आणि तेवढे संवाद तरी स्वतः तपासा.